बोनेटला लावलेली काठी

सकाळी समोरच्या सात मजली इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी गादी वाळत घातली आणि काठीने बडवायला घेतली. धप्. जरा थांबून पुन्हा धप्. मी अंगणात तोंड धूत उभा होतो. तोंडातली चूळ तोंडातच राहिली आणि दोन्ही हात कोपरापासून आवळले गेले. झोडणीचा आवाज मला कानात येत नाही, मनगटात येतो. साठ वर्षं झाली, अजून तसाच येतो.

सुकापुरात आता झोडायला भात उरलेलं नाही. पाऊस सरला की कापणी लागायची, त्या जागी आता दिवाळीच्या सवलतींचे फलक लागतात. पण उन्हाला हे कुणी सांगितलेलं नाही. ते अजून भात पिकवायला आल्यासारखंच येतं, दुपारी टाळूत खिळा ठोकावा तसं. चार वाजता आभाळ काळंनिळं होतं, परतीचा पाऊस पत्र्यावर दगडफेक करतो आणि अर्ध्या तासात पुन्हा सगळं कोरडं. या दिवसांत आमच्याकडे माणसांची डोकी फिरतात. बांधावरची भांडणं, भावाभावांच्या मारामाऱ्या, कोयते निघणं, सगळं याच पंधरा-वीस दिवसांतलं. वर्षाचं पीक उभं असतं आणि वर हा लहरी पाऊस. आभाळापर्यंत हात पोचत नाही, मग जो जवळ असेल त्याला बसतो.

माझ्या जवळ जना होता.

जना माझा धाकटा भाऊ, नऊ वर्षांनी लहान. घर एकच, मधे भिंत. अलीकडे मी आणि माझी बायको हिरा, पलीकडे तो एकटा. त्याची बायको लवकर गेली, पोरगी लग्न होऊन उरणला. रस्त्याच्या अंगाला त्याचं गॅरेज. टेम्पो, पाण्याचे टँकर, सहा आसनी रिक्षा, काय येईल ते. इंजिनाला कान लावून दुखणं सांगायचा. गेल्या वर्षी याच दिवसांत मी त्याचा उजवा हात चिरडला. तेव्हापासून वर्षभर भिंतीपलीकडून माझ्यासाठी एक शब्द आला नाही. मीही गेलो नाही. चुकलो, हा शब्द माझ्या तोंडातून बापापुढे निघाला नाही, मालकापुढे निघाला नाही, हवालदारापुढे निघाला नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी तो कुठून काढायचा? पण जना न बोलता मेला, किंवा मी मेलो, तर पुढे काय, हा विचार वर्षभर माझ्या उशाशी बसून होता.

बाप झोडणीला उभा राहिला की खळ्याजवळ कुणी फिरकत नसे. पेंढी डोक्यावरून मागे न्यायची आणि फळीवर आपटायची. दाणे गारांसारखे उडायचे, पोटऱ्यांना लागायचे, तोंडाला लागायचे. कुसं घामाला चिकटून अंग पेटायचं. फळीवर आपटूनही पेंढीत जे दाणे राहत ते काठीने झोडायचे. ती काठी भरीव बांबूची होती, हात फिरून फिरून तेल चोपडल्यासारखी झालेली. त्या काठीला पेंढी कोणती आणि पोरगा कोणता हे कळत नसे. एका परतीच्या पावसात खळं झाकायला मला उशीर झाला. गुन्हा एवढाच. ताडपत्री ओढेपर्यंत वरचा थर भिजला. बापाने मला त्या भिजल्या पेंढ्यांवरच पाडला आणि झोडला. मोजून मारत नसे तो, दमेपर्यंत मारायचा. गळ्याजवळचं हाड गेलं तेव्हा ओला पेंढा मोडावा तसा दबका आवाज झाला. मी चौदाचा. पाच वर्षांचा जना मांडवाच्या खांबाला मिठी मारून बघत होता. रडत नव्हता, नुसता बघत होता.

पनवेलच्या डॉक्टरने विचारलं, काय झालं? बाप शेजारी उभा. मी बोललो, आंब्यावरून पडलो. जना बापाच्या बोटाला धरून ऐकत होता. घरी येताना बापाने मला बैलगाडीत पेंढ्यावर निजवलं आणि वाटेत शेंगदाण्याचा लाडू घेऊन दिला. तो मार आठवला की आजही जिभेवर गूळ येतो. आमच्या घरची ही रीत. ज्याने मार खाल्ला त्यानेच मारणाऱ्याला झाकायचं. यालाच आम्ही घराची इज्जत म्हणत आलो.

चौथीनंतर शाळा सुटलेलीच होती. पुढे तीस वर्षं मी डंपर चालवला. डोंगर फोडत होते तिथून खडी भरायची आणि भरावावर नेऊन ओतायची. डंपर म्हणजे भरल्या पोटाची म्हैस. तिला स्कूटर ओलांडते, रिक्षा ओलांडते, लग्नाचं वऱ्हाड घेऊन निघालेला टेम्पोसुद्धा ओलांडतो. आणि कधीतरी एखादी बुटकी, काळी जर्मन गाडी बाजूने सुरी फिरवावी तशी निघून जायची. आरशात बघावं तोवर पुढे गेलेली. तीस वर्षं मी तिचे मागचे लाल दिवे बघितले. ते दिवे लांब जाताना बघून मला जो राग यायचा तो मी ब्रेकवर काढायचो, क्लीनरवर काढायचो, घरी येऊन ताटावर काढायचो. माझ्या लाथेने ताट उडालं नाही असा महिना हिराला आठवत नसेल.

शेवटचं शेत बिल्डरला विकलं तेव्हा पैशाचे वाटे झाले. जनाने गॅरेजवर नवा पत्रा चढवला आणि गाड्या उचलायची लिफ्ट बसवली. गावातल्या बाकीच्यांनी घेतल्या तशी उंच पांढरी गाडी मी घ्यावी, असं सगळ्यांचं मत होतं. मिरवणुकीत शोभते, दारात मोठी दिसते. मी ती बुटकी काळी घेतली. चौदा वर्षांची, तीन हातांतून आलेली. मुंबईला एका उंच इमारतीच्या तळघरात ती उभी होती. मालक तरुण होता. तो बोलला, अंकल, ही सांभाळणं सोपं नाही, विचार करा. अंकल या शब्दापेक्षा त्याच्या आवाजातली कीव मला लागली. तिथल्या तिथे हो बोललो. जना परीटघडीच्या शर्टावर गाडीखाली शिरला होता. बाहेर आला, पाठीला तेल, चेहरा उतरलेला.

"दादूस," तो बोलला, "इंजिन वाघाचा हाय. हाडं कोंबडीची."

"मंग माझ्यासारकीच हाय," मी बोललो.

पहिल्यांदा गोवा हायवेला तिला मोकळी सोडली ती दुपार मी विसरणार नाही. पाय दाबला. आधी काहीच झालं नाही, श्वास घेतल्यासारखं झालं. मग सहाच्या सहा सिलिंडर एकदम अंगावर आले. छातीवर कुणी गुडघा रोवला. मान मागे गेली, तोंडातली थुंकी सुकली, दोन्हीकडची झाडं चाबकासारखी सपसप मारत मागे पळाली. समोर एक डंपर होता. मी त्याला असा ओलांडला की त्याच्या ड्रायव्हरला माझे फक्त लाल दिवे दिसले असतील. शेजारी हिरा दोन्ही हातांनी सीट पकडून देवाचं नाव घेत होती. मी हसत होतो. झोडताना बापाला काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

पण जोर म्हातारा होत नाही, शरीर होतं. त्या गाडीचं रोज काहीतरी गळायचं. पाणी फिरवणारे प्लास्टिकचे पाइप उन्हातल्या पापडासारखे फुटायचे. तेल कुठल्या तरी सांध्यातून पाझरून अंगणात काळी रांगोळी घालायचं. आमच्या रस्त्यांनी तिच्या चाकांमागचे रबर खाऊन टाकले, आणि गल्लीतल्या प्रत्येक गतिरोधकावर तिचं पोट असं घासायचं की माझेच दात शिवशिवायचे. जना दोन फळ्या डिकीत ठेवायचा, गतिरोधक आला की उतरून चाकांखाली घालायचा. टँकर दुरुस्त करणाऱ्या माणसाने साठी उलटल्यावर ही गाडी शिकायला घेतली. फोनवर कुणी परदेशी माणूस तीच गाडी खोलताना दिसायचा. त्याचं बोलणं जनाला कळत नसे, म्हणून तो आवाज बंद करून नुसते त्या माणसाचे हात बघायचा. तासन् तास. मग तसेच आपले हात हलवून बघायचा, हवेत, पाना नसताना. मी त्याला हसायचो. एकदा मी हट्टाने तिच्या इंजिनात डंपरचं तेल ओतलं. ज्या तेलावर तीस वर्षं डंपर चालला त्यावर ही का नाही चालणार, हा माझा हिशेब. दुसऱ्या दिवशी इंजिनाचा आवाज पुन्हा मऊ झालेला. जनाने मी जेवत असताना तेल काढून योग्य ते भरलं होतं आणि रिकामा डबा पेंढ्यात लपवला होता. मला कळलं होतं. मी बोललो नाही. तोही बोलला नाही. आमच्यात प्रेम एवढंच आणि असंच चालायचं.

तिचं बोनेट वर उचलून धरायला आत दोन दांडे असतात, गॅस भरलेले. त्यांतला गॅस गेलेला. बोनेट उघडून सोडलं की सुसरीच्या जबड्यासारखं खाली यायचं. जना बोलला, नवे दांडे मागवू या. मी बोललो, कशाला? माळ्यावर चढलो आणि बापाची झोडणीची काठी काढून आणली. एक टोक लॉकच्या पट्टीला टेकवलं, दुसरं बोनेटच्या आतल्या खाचेत. तसूभर कमी नाही, जास्त नाही. जना त्या काठीकडे थोडा वेळ बघत उभा राहिला. मग त्याने तिच्याखाली हात घातला आणि कामाला लागला.

दसऱ्याला आमच्याकडे हत्याराची पूजा. कोयता, विळा, नांगर, पुढे डंपर, आता गाडी. हळद, पिंजर, झेंडूची माळ, मूठभर अक्षता आणि नव्या भाताच्या लोंब्या. लोंब्या पाहिजेतच. गाडीला मी त्या वायपरला बांधायचो आणि झेंडू कुस्करून पाकळ्यांचा काचेवर सडा टाकायचो, मोठ्या मनाने, दोन्ही हातांनी. शेत विकलेलं असलं तरी लोंब्या मी तिथूनच आणायचो. बिल्डरने भोवती पत्रे ठोकले होते, पण आत पडलेलं भात आपोआप उगवत होतं. पत्रा वाकवून शिरायचो. एकदा तिथल्या रखवालदाराने हटकलं, त्याची गचांडी धरून मी त्याला विचारलं होतं, तुझा बाप इथे नांगर धरत होता का?

काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या खाली, काळी जाळी असते. पाकळ्या आणि दाणे घसरत घसरत तिच्यात जायचे. पहिल्या वर्षी जनाने मला न सांगता ते सगळं काढलं. दुसऱ्या वर्षी दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी तो वाकवलेल्या तारेने जाळीतली फुलं ओढत असताना मी त्याला पकडलं.

"खाली पानी जायला दोन भोकं हायत, दादूस," तो बोलला. "फुलं आरकली तर पानी तुंबल. बाजूलाच डब्यात हिचा मेंदू हाय, कम्प्युटर."

मी त्याला सांगितलं की ही देवाची फुलं आहेत, गॅरेजातला कचरा नाही, पुन्हा हात लावलास तर बघ. त्याने तार गुंडाळली आणि खिशात घातली. तो माझं ऐकायचा. तेच वाईट झालं.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे गेल्या वर्षी, दसऱ्याला तीन दिवस राहिले होते. आम्ही शिरढोणला हिराच्या बहिणीकडे जेवून परत येत होतो. आदल्या संध्याकाळी जनाने गाडीची बॅटरी बदलली होती. वाटेत परतीचा पाऊस फुटला. वायपर पुरे पडेनात. माझा पाय दाबलेला होता, कारण पावसापुढे पाय उचलणं माझ्या स्वभावात नाही. आणि एकाएकी समोरचे सगळे दिवे एकदम पेटले, लाल, पिवळे, देव्हाऱ्यासारखे, आणि इंजिन मेलं. स्टिअरिंग दगड झालं. ब्रेक विटेवर पाय दाबावा तसा. मागे ट्रेलर. त्याचा भोंगा माझ्या पाठीच्या कण्यातून आरपार गेला. मी सगळ्या अंगाने स्टिअरिंग ओढलं. ट्रेलरने आमच्या बाजूचा आरसा तोडून नेला, गाडी कठड्याला घासत, ठिणग्या पाडत थांबली. हिराच्या बांगड्या फुटून मनगटात घुसल्या होत्या. रक्त तिच्या मांडीवर टपटपत होतं आणि ती त्याकडे बघत होती, दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं.

घरी येईपर्यंत, एका टेम्पोमागे दोराला बांधून फरफटत येताना, माझ्या डोक्यात एकच गोष्ट शिजत होती. काल हात कुणी लावला होता?

जना धावत आला. हिराचं मनगट बघितलं, तिला पाणी दिलं, मग बोनेट उघडून काठी लावली आणि आत वाकला. मी मागे उभा. मी विचारलं, काय केलंस तू काल? तो डबा चाचपत होता. बोलला, "मी काय नाय केला. आत पानी भरलाय." मला ते ऐकूच आलं नाही. मी पुन्हा विचारलं. मी आणखीही बोललो. शेत विकलं ते तुला बघवलं नाही, मी ही गाडी घेतली ते तुला बघवलं नाही, तुला माझ्या बायकोसकट मला मारायचं होतं. असलं बोललो. हिरा ओट्यावरून नको नको करत होती. जनाने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, घाई होती, काहीतरी सापडल्याची. उजवा हात लॉकच्या पट्टीवर टेकवून तो बोलला, "दादूस, ती फुलं..."

मी काठीला लाथ मारली.

बोनेट आलं. आणि ते नुसतं येऊन थांबलं नाही, मी दोन्ही हातांनी, सगळ्या अंगाच्या भाराने ते दाबलं. ओल्या पेंढ्यासारखा तोच दबका आवाज झाला. मला तो ओळखीचा होता. जना ओरडला नाही. त्याने तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. बोनेट हिराने उचललं, रक्ताळलेल्या मनगटाने. तिने त्याचा हात आपल्या पदरात गुंडाळला आणि रिक्षात घालून त्याला खांदा कॉलनीतल्या दवाखान्यात नेलं. मी अंगणात उभाच. काठी पायाशी पडली होती. मी ती उचलली आणि भिंतीला नीट उभी करून ठेवली. त्या वेळी का ते मला अजून सांगता येत नाही.

डॉक्टरने विचारलं, काय झालं? जना बोलला, बोनेट पडला. हिराने घरी येऊन मला हे सांगितलं आणि चुलीकडे वळली. बोनेट पडलं नव्हतं. मी दाबलं होतं. हे जनाला ठाऊक, मला ठाऊक, हिराला ठाऊक. पण खांबाला मिठी मारून उभ्या असलेल्या पाच वर्षांच्या पोराने जे शिकायचं ते शिकून ठेवलं होतं, आणि साठ वर्षांनी, एवढ्या लाजिरवाण्या वेळी, मला परत दिलं होतं. मला त्याचा राग आला. त्याने पोलिसात नाव दिलं असतं तर मी ताठ मानेने गेलो असतो.

तीन दिवसांनी दसरा. जना अजून दवाखान्यात. कुणीही सांगितलं असतं की या वर्षी राहू द्या. मी पहाटे पत्रा वाकवून शेतात शिरलो, लोंब्या कापल्या, मेलेली गाडी धुतली आणि पूजा केली. एवढी मोठी पूजा कधीच केली नव्हती. टोपलीभर झेंडू कुस्करला. लोंब्यांची जुडी वायपरला अशी करकचून बांधली की अर्धे दाणे तिथेच गळले. नारळ फोडला तो दगडावर नाही, कठड्याला घासून चेपलेल्या तिच्या बाजूवर. हिरा आरतीला बाहेर आली नाही.

मग वर्ष गेलं. जनाची दोन बोटं सरळ राहिली ती पुन्हा वाकलीच नाहीत, तिसऱ्याचं पेर गेलं. दहा नंबरचा पाना त्या हातात राहत नाही. गॅरेजचं शटर खाली, आत लिफ्ट वर उचललेली, तिच्यावर काही नाही. हिरा रोज दुपारी ताट झाकून भिंतीपलीकडे न्यायची आणि तिथेच बसून जेवायची. मला वाढायची आधी, पण माझ्यासमोर बसायची नाही. तिने शिक्षा शब्दाने दिली नाही, पाट उचलून नेला. कळंबोलीचा एक भंगारवाला गाडी बघायला आला, त्याला मी तीच काठी घेऊन फाटकापर्यंत पिटाळला. गाडी अंगणात उघड्यावर सगळा पावसाळा उभी राहिली. मी कुणाला हात लावू देत नव्हतो. स्वतःही लावत नव्हतो.

श्रावणात काचेखाली हिरवं दिसायला लागलं. गवत समजून सोडून दिलं. गणपती गेले, तेव्हा ते वीतभर झालेलं. शेत होतं तिथे या वर्षी तिसरा मजला चढला, पत्रे गेले, आत शिरायला शेत उरलं नाही. यंदा लोंब्या कुठून आणायच्या, या विचारात परवा ओट्यावर बसलो होतो. हिरा कपडे वाळत घालत होती. गाडीजवळ थांबली. वाकली.

"अवं," ती बोलली, "ह्यो भात हाय."

जाळीतून पाच-सहा ताटं वर आली होती. बारकी, खुरटलेली, पण लोंबीला लागलेली. प्रत्येक लोंबीत पंधरा-वीस दाणे. आमच्या शेतातलं भात. लांब कुसाचं, मला अंधारात हाताने ओळखता येतं.

मी ते मुठीत धरून उपटलं. सहज आलं नाही. जोर लावला तेव्हा जाळीचा तुकडा तुटला आणि मुळांसकट एक जाड, काळा, कुजलेला पट्टा बाहेर आला, गोधडीच्या तुकड्यासारखा. त्यात दोन दसऱ्यांचा झेंडू होता, अक्षता होत्या, पिंजर होती, माळेचा दोरा होता. तो निघाला आणि गाडीच्या पोटात काहीतरी गुळगुळलं. मग पाणी सुटलं. काळं, घाण वासाचं, पावसाळाभर कोंडलेलं पाणी भडाभडा माझ्या पायांवर आलं. थांबेचना. मी त्यात उभा होतो. हातात भात. ते पाणी थांबेपर्यंत मला सगळं कळलं होतं. जनाचं वाक्य जिथे मी तोडलं होतं तिथून पुढे ते पाण्यानेच पुरं केलं.

ओट्याच्या कडेला लोखंडी घमेलं होतं. त्यात तो सगळा गोळा ठेवला, भात वर उभं राहील असा. पायांना चिखल तसाच. माझ्या दारापासून त्याच्या दारापर्यंत अकरा पावलं आहेत. वर्षभर मी ती मोजून होतो.

जना खाटेवर बसून डाव्या हाताने लसूण सोलत होता. मी घमेलं त्याच्या पुढ्यात ठेवलं. त्याने भाताकडे बघितलं. मुळांकडे बघितलं. सरळ राहिलेल्या दोन बोटांनी तो कुजका पट्टा उलटला, झेंडूच्या पाकळीला बोट लावलं. जो शब्द बोलायचा होता तो आलाच नाही.

"जना," मी बोललो, "तू सांगितलेलास."

एवढंच निघालं. त्याने एक लोंबी तोडली, डाव्या तळहातावर अंगठ्याने चोळली, फुंकर मारून तूस उडवलं. एक दाणा दाताखाली धरून चावला. चावत राहिला. माझ्याकडे बघितलं नाही. मी परत आलो. अकरा पावलं.

आज सकाळी ती गादी बडवणं थांबलं तेव्हा फाटक वाजलं. जना आत आला. खिशातून वाकवलेली तार बाहेर डोकावत होती. तो गाडीसमोर जाऊन उभा राहिला आणि बोनेटकडे बघत राहिला. मी धावत जाऊन आतून कळ ओढली आणि दोन्ही हातांनी बोनेट वर उचललं. हिरा स्वयंपाकघरातून बघत होती, ती भिंतीला टेकलेली काठी घेऊन लगबगीने आली.

"काठी नको, वैनी," जना बोलला. "दादूसला धरू दे."

वर्षानंतर त्याच्या तोंडून दादूस ऐकलं. हिरा काठी घेऊन तशीच उभी राहिली, मग ओट्यावर बसली, काठी मांडीवर आडवी धरून.

मी बोनेट डोक्यावर धरून उभा राहिलो. दोन भिजल्या पेंढ्यांएवढं तरी वजन. जनाने लॉकच्या पट्टीकडे बघितलं. त्याच जागेकडे. मग उजवा हात, तोच, सावकाश पट्टीवर टेकवला आणि डावा हात तारेसकट आत घातला. त्याने घाई केली नाही. एक भोक साफ केलं, तार पुसली, दुसऱ्याकडे वळला. ऊन डोक्यावर आलं. घाम माझ्या डोळ्यांत उतरला, तो पुसायला हात नव्हता. साठ वर्षांपूर्वी मोडलेलं गळ्याजवळचं हाड ठणकायला लागलं. दंड थरथरायला लागले, त्यांच्याबरोबर बोनेट थरथरायला लागलं, आणि त्याखाली त्याची दोन सरळ बोटं निवांत पडली होती.

"अजून येळ लागंल," तो आतूनच बोलला.

मी पाय जरा फाकवले, टाचा मातीत रोवल्या आणि धरून उभा राहिलो.